आईने आतून लावलेली कडी

मला खुनाखुनीचे सिनेमे आवडतात. या वयात शोभत नाही असं माझी जाऊ म्हणते, म्हणू दे. एक छोटं गाव, मुखवटा घातलेला मुका खुनी, हातात सुरा, आणि तो दाराबाहेर उभा असताना “कोण आहे?” विचारत दार उघडणाऱ्या बिनडोक मुली. आईलाही हे आवडायचं. तंजावूरच्या आमच्या घरी टीव्हीवर असला सिनेमा तमिळमध्ये लागला, की ती त्या मुलींना यथेच्छ शिव्या घालायची.

गेल्या वर्षापासून आईचं विसरणं वाढलं. कॉफी प्यायली की नाही, आप्पा जाऊन किती काळ लोटला, काहीच आठवेना. मला मात्र ओळखायची. तेवढ्यावर मी तग धरून होते. हेही एक दिवस जाईल, ही धास्ती कायम असायची.

त्या दुपारी आम्ही दोघी तसलाच एक सिनेमा बघत होतो. खुनी घरोघर शिरत होता. आई एकही शिवी देईना. पदर तोंडाशी धरून नुसती बघत राहिली. मी टीव्ही बंद केला. तेवढ्यात फुलवाली आली म्हणून बाहेर गेले. मोगऱ्यावरून तिच्याशी हुज्जत घालून परतले, तर आतून कडी.

जिभेवर फुलवालीचं तमिळ होतं, त्याच तमिळमध्ये मी हाक मारली. आणि चुकलेच. आम्हा तंजावूरच्या मराठी लोकांत रस्त्यावर तमिळ, पण उंबऱ्यापाशी मराठीच बोलायचं, म्हणजे आतल्यांना कळतं की आपलंच माणूस आहे. तमिळमध्ये हाक आली तर मी लहान असतानाही आई दार उघडत नसे.

“आई, मी गे. दार काढ.”

आतली पावलं थांबली. “कोण तें?”

मी नाव सांगितलं.

“मेल्या, तिचा आवाज काढूं नकोस!”

ओट्यावरून खिडकीपाशी गेले. आई दाराकडे तोंड करून भिंतीला टेकली होती. उजव्या हातात पोळ्यांचं लाटणं. डावा हात मागे नेऊन तिने कमरेइतक्या उंचीवर काहीतरी घट्ट धरलं होतं, लहान पोराला पाठीशी घालतात तसं. मागे कुणीच नव्हतं.

“घरांत मी येकटीच आहें,” ती दाराला म्हणाली. “पोर शाळेला गेली. जा तूं.”

मला रडू फुटलं. पण रडण्याचा आवाज ऐकला असता तर ती आणखी घाबरली असती. मी चपला घातल्या आणि खुनी निघून गेलाय असं तिला वाटावं म्हणून मुद्दाम पाय आपटत पायऱ्या उतरले. खाली भर उन्हात श्वास रोखून उभी राहिले.

“गेला तो,” उघड्या खिडकीतून आईचा हळू आवाज आला. “भिऊं नको.”