बापूंच्या नावाने लॉगिन

आधीच सांगते, मी भुताखेतं मानणाऱ्यांतली नाही. पुण्यात वाढले, कॉम्प्युटर इंजिनियर झाले. कुणाच्या अंगात आलेलं पाहिलं की मला घाबरण्याऐवजी हसू फुटायचं, त्यावरून सासरी बोलणीही खाल्ली आहेत. या ग्रुपवरचे अनुभव मी गंमत म्हणून वाचत आले. पण माझ्याकडेही एक आहे... आणि त्याची टेक्निकल बाजू ज्या एकाच माणसाला ठाऊक आहे तो माझा पुण्यातला जुना सहकारी नितीन, विषय काढला की चहा आणायला उठतो. म्हणून इथे लिहिते आहे.

२००८ सालची गोष्ट. लग्न करून मी मालवणात आले होते. नवरा, इथल्या भाषेत 'घोव', मर्चंट नेव्हीत, बहुतेक काळ बोटीवर. घरात मी, सासूबाई आणि धाकटा दीर सदा. सदाची मासेमारीची होडी होती. सासरे, म्हणजे बापू, आदल्याच वर्षी गेले. ते बंदरावर नोकरीला होते. वादळाची सूचना आली की खांबावर बावटा चढवायचं काम त्यांचं. बावटा दिसला की होड्या माघारी फिरायच्या.

सासूबाईंशी माझं भांडण नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. त्या बाजारात मासे विकायच्या, मी मशीनसमोर बसायचे. एकमेकींच्या कामातलं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं.

माझ्या पुण्याच्या जुन्या कंपनीने इथल्या मच्छीमार सोसायटीला एक सिस्टीम करून दिली होती, ती मी सांभाळायचे. जेटीजवळ, बर्फाच्या गोदामाच्या वर सोसायटीचं ऑफिस. वादळाची सूचना आली की आमचा प्रोग्रॅम निरोप तयार करायचा, पुण्यातल्या क्यू सर्व्हरवर रांगेत ठेवायचा, आणि तिथून तो एसएमएस होऊन सगळ्या होडीवाल्यांच्या आणि जेटीवरच्या लोकांच्या मोबाइलवर जायचा. साधं काम. पोस्टाच्या पेटीत पत्र टाकावं तसं. फक्त ही पेटी आधी विचारते — तू कोण?

दिवाळी नुकतीच झाली होती. खाऱ्या हवेने जुना कॉम्प्युटर गंजून गेला म्हणून नवा आला होता आणि सकाळपासून मी त्याची जुळवाजुळव करत होते. सगळं बसवलं, चालू केलं, आणि सर्व्हरने तोंडावर दार लावलं. कोड २०३५. नॉट ऑथराइज्ड.

तसा हा एरर नवा नाही. पासवर्ड तपासा, चॅनलचं नाव तपासा, युजर योग्य ग्रुपमध्ये आहे का बघा. नितीन पुण्यात सर्व्हर सांभाळायचा. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "तुझ्या युजरला सगळे राइट्स आहेत गं. इथून सगळं बरोबर दिसतंय."

"मग नकार का देतोय?"

"तेच कळत नाहीये. नवा युजर तयार करून बघू, पण साहेबांची मंजुरी लागेल. ते मीटिंगमध्ये आहेत. थांब जरा."

थांबायला माझी हरकत नव्हती. पण जेवणाच्या सुमाराला सेक्रेटरी मयेकरकाका धावत वर आले. बंदर खात्याचा फोन होता — वारा उठतोय, होड्या ताबडतोब परत बोलवा. बाहेर तर लख्ख ऊन! काका एकेकाला फोन लावत सुटले. कुणाचा लागे, बहुतेकांचा लागत नसे. समुद्रात रेंज अशी तुटकतुटक. फोन लागत नाही, पण मेसेज गेलेला असला तर रेंज मिळाल्या क्षणी पोचतो. आमचा तर निघतच नव्हता. आणि सदा पहाटेच बाहेर पडला होता.

मी पुन्हा पासवर्ड टाकला. पुन्हा सगळी सेटिंग्ज तपासली. २०३५... २०३५...

तेवढ्यात दारात सासूबाई. बाजारात बातमी कळली तशा माशांची पाटी शेजारणीवर सोपवून आल्या होत्या. "सदाचो फोन लागता काय गो?"

मी नकारार्थी मान हलवली. त्या माझ्या शेजारी स्टुलावर टेकल्या. हाताला माशांचा वास, पदर घट्ट धरलेला. स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "काय म्हणता तो?"

"म्हणतो, तुम्हाला परवानगी नाही."

"कोणाक? तुका?" त्या एकदम भडकल्या. "तू ह्या घरची सून मां? मगे तुका परवानगी नाय कशी? नाव सांगलंस आमचा?"

त्याही परिस्थितीत मला हसू आलं आणि डोळेही भरले. 'ह्या घरची सून' असं त्या माझ्यासमोर पहिल्यांदाच म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, "नावच पटत नाहीये त्याला, आई."

"मगे ह्यांचा नाव घाल. बंदरार ह्यांका कोण नाय वळखत?"

एरवी मी समजूत घातली असती की तसं चालत नाही. पण करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं, आणि त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. मी म्हटलं, "काय लिहू? बापू?"

"बापू घरात." मग हलकेच म्हणाल्या, "बंदरार जनार्दन."

जन्मभर 'हे' आणि 'ह्यांका' म्हणणाऱ्या बाईने नवऱ्याचं नाव घेतलं होतं. मी युजरच्या खान्यात इंग्रजीत ते नाव लिहिलं. पासवर्ड कोरा. एंटर.

कनेक्टेड.

मला वाटलं, मी चुकीचं वाचतेय. तेवढ्यात मयेकरकाकांचा मोबाइल वाजला, मग खाली बर्फवाल्याचा. एसएमएस पोचत होते! सगळे निरोप एका दमात निघून गेले आणि लाइन तुटली. मी पुन्हा तेच नाव टाकलं, तर परत २०३५.

सासूबाईंना मी म्हटलं, "गेला निरोप." त्या फक्त "बरा" म्हणाल्या आणि उठून जेटीकडे गेल्या.

होड्या एकामागून एक आल्या. सदाची बरीच मागून, तोवर वारा सुटला होता आणि लाटा जेटीवर फुटत होत्या. चिंब भिजून वर आला तो म्हणतो कसा, "वयनी, जाळा ओढूक घेतलेला, इतक्यात तुझो मेसेज इलो. तशीच होडी पाठी फिरवलंय." सासूबाईंनी आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याला पोटाशी धरलं.

थोड्या वेळाने नितीनचा फोन. "मंजुरी मिळाली. आता युजर तयार करतो."

"अरे, मेसेज तर गेले केव्हाच!"

"कसे जातील? मी अजून काहीच केलेलं नाही."

पुढच्या आठवड्यात त्याने एररचं कारण शोधलं, आणि तिथेच माझी झोप उडाली. आमचा प्रोग्रॅम खान्यात लिहिलेलं नाव पाठवतच नव्हता! कॉम्प्युटरवर ज्या नावाने लॉगिन केलंय ते पाठवायचा. नव्या मशीनवर मी 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून शिरले होते, आणि त्या नावाला तिकडे परवानगी नव्हती. लॉगिन बदललं, काम सुरळीत झालं.

मी विचारलं, "म्हणजे मी त्या खान्यात काहीही लिहिलं असतं तरी...?"

"तरी ते आमच्यापर्यंत पोचलंच नसतं. आणि जनार्दन नावाचा युजर या सर्व्हरवर कधी नव्हताच."

आम्ही पुन्हा तसंच सगळं करून पाहिलं. तेच मशीन, तेच लॉगिन, तेच नाव. दर वेळी नकार. सर्व्हरमधला दोष म्हणावा, तर तो आधी किंवा नंतर कधीच का दिसला नाही? योगायोग म्हणावा, तर कशाचा? कुणा जाणकाराकडे उत्तर असेल तर जरूर सांगा, मनापासून ऐकेन.

सासूबाईंना यात नवल असं काही वाटलंच नाही. एकदा मागच्या पडवीत दोघी सुकट निवडत बसलो होतो, तेव्हा मी धीर करून विचारलं, "आई, त्या दिवशी तुम्हाला भीती नाही वाटली?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

"भियाचा कित्याक गो? घोव माझो तो."