जोडीनं केलेला अर्ज

नव्वदच्या दशकात सुरतेत असताना मुरलेल्या अभ्यासकांसाठीच्या एका फेलोशिपला आम्ही अर्ज केला. तो जोडीनंच करायचा होता. विषय सुरतेतल्याच बमरोली भागातल्या खान्देशी बायकांची गाणी. माझ्या सहकारी बाई धुळ्याच्या. त्यांनी विचारलं, "सर, तुम्हाला माझी गरज का, तिथं काय लिहू?"

"मला अहिराणी येत नाही, असं लिहा."

अहिराणी तर माझ्या आईची भाषा. पण मला बाईंसोबतचं एक वर्ष हवं होतं.

ते मिळालं. पॉवरलूमच्या दूरच्या खटखटीत बाई मला एकेक ओळ मराठीत सांगत, आणि दुपारमागून दुपार तरंगत जाई. एकदा एका म्हातारीनं त्यांना विचारलं, "तुना नवरा मुका शे का वं?"

"नही वं माय, बोलस मी," माझ्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "मुका नाही, हे सांगितलंत. नवरा नाही, हे सांगायचं राहिलं."