पेन्सिलीचे गुलाबी छिलके

ये इकडे, अशी जवळ सरक. परक्यासारखं दाराशी बसतात का? एवढ्या महिन्यांनी आलीस आणि भाकर अर्धी टाकलीस. विचारलं तर म्हणे, "सबमिशन आहे, आजी." तू माझ्या बहिणीची नात, तुला रागवायचा हक्क आहे मला. पण आधी माझ्या नातीचं ऐक.

ती मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होती. कॉलेज लांब, परजिल्ह्यात. दिवाळीला आर्णीला घरी आली आणि पहिल्याच दिवशी मला संशय आला. भरदिवसा आतून कडी. हाक मारली की आत काहीतरी सरकवल्याचा आवाज, मग "आली, आजी." झाडताना खाटेखाली पेन्सिलीचे छिलके निघाले, गुलाबी आणि जांभळे. डॉक्टरकीला गुलाबी पेन्सिल कशाला? मी शाळा पाहिली नाही, अक्षरं पोरांच्या पुस्तकांवरून शिकले, पण चिठ्ठ्यांचा रंग मला कळतो. म्हटलं, कोणीतरी आहे. सून म्हणाली, "तुम्हाले सगळीकडे भानगडच दिसते, आत्याबाई."

दिवाळी सरली तरी पोरगी जायचं नाव काढेना. सुटी वाढली म्हणे. तेही मला पटलं नाही. म्हणून तिला कापूस वेचायला नेलं. वेचता वेचता माणूस बोलतं. तासाभरात सगळ्या बायकांच्या कमरेच्या झोळ्या फुगल्या, हिच्या झोळीत मूठभर. एकेका बोंडाला चिकटलेला पाचोळा चिमटीनं काढत उभी.

"काहो डॉक्टरीणबाई, कापसाले आंघोळ घालून राह्यल्या काय?" शेजारच्या ओळीतली बाई ओरडली.

सगळ्या हसल्या. नात हसली नाही. मागं फिरली आणि वेचून झालेली झाडं पुन्हा तपासायला लागली. तिथं माझा संशय फिरला. प्रेमात पडलेली पोरगी हातातलं काम विसरते. हिला तर काम सोडतच नव्हतं.

तिचा बाप एकदा म्हणाला होता की जर्नल म्हणून एक वही असते, तिच्यावर सरांची सही नसली तर परीक्षेला बसू देत नाहीत. मी सहज विचारलं, "जर्नल देल्लं काय वं?"

"हो, कधीचंच."

फार लवकर बोलली. संध्याकाळी ती अंग धुवायला गेली तशी मी तिची बॅग उघडली. चुकलंच माझं, पण उघडली. आत तीन जाड वह्या. तिन्हींत तीच चित्रं, माणसाची कातडी बारीक पाहायच्या यंत्राखाली दिसते तशी, गुलाबी-जांभळी. पहिलीत एक रेघ जरा बाहेर गेलेली. दुसरीत एक शब्द खोडलेला. तिसरीत मला काहीच चूक सापडली नाही. सही एकीतही नाही. मागच्या पुठ्ठ्यावर लाल शाईनं शेवटची तारीख लिहिलेली. उद्याची.

"आजी, तू बॅग उघडली?"

"उघडली. तू खोटं बोलली. फिटंफाट. काहून नाही देल्लं?"

ती खाली बसली. "सरांनी माझं एक चित्र सगळ्या वर्गाला दाखवलं. म्हणाले, असं पाहिजे."

"मंग चांगलंच झालं ना!"

"आता प्रत्येक पान तसंच पाहिजे ना, आजी."

मला वाटलं होतं, कोणी हिला टोचलं असेल. हिला तर शाबासकी लागली होती.

सकाळच्या पहिल्या एसटीनं मीही निघाले. तिसरी वही माझ्या मांडीवर, दोन्ही हातांखाली. यवतमाळला गाडी बदलताना म्हणते, "तू जाय परत, मी देते." मी म्हटलं, "मले शहर पाहाचं आहे." दर थांब्यावर वाटे, ही उतरून जाईल. "एकच पान पाहू दे," म्हणाली. दिलं नाही.

कॉलेजात पोचलो तर सरांच्या कानाला मोबाइल होता. बोलता बोलता पानं उलटली, सह्या ठोकल्या. चित्राकडे नजरसुद्धा नाही. टेबलावरचा चहा निवायच्या आत काम संपलं.

बाहेर पायऱ्यांवर ती बसली. "त्यांनी पाह्यलंच नाही, आजी. कातडीच्या चित्राले मी चार दिवस लावले." आणि रडली. मी रडू दिलं. नंतर तिनं दोन आलुबोंडे खाल्ले, तिसरा माझ्यातला घेतला.

परीक्षेला बसली, पास झाली. आता फोनवर रोज म्हणते, "मी मस्त आहे." माझा विश्वास नाही. फोनवर आवाज येतो, चेहरा येत नाही. म्हणून महिन्यातून एकदा तिला समोर बसवून जेवू घालते आणि किती खाते ते पाहते.

तुझी कुरतडलेली नखं मी मघाशीच पाहिली. लपवू नको. जा आता, गाडी चुकेल. पण पुढच्या रविवारी ये. काम अर्धं राहिलं तर अर्धंच घेऊन ये, इथं कोणी तपासणार नाही. लवकर ये, माय.