ठोकून पाहिलेली तलवार

शनिवारी मेर्क्लांच्या घरात कुणी आंघोळ करत नसे. टबात चटया भिजत पडलेल्या असत. समुद्रकाठी अंथरतात तसल्या गवताच्या चटया, गुंडाळून सुतळीनं आवळलेल्या, वर दोन विटा ठेवून बुडवलेल्या. आमच्या टानबाख गावापासून समुद्र सहाशे किलोमीटर लांब. गुड्रून मेर्क्ल पहिल्यांदा एकदम वीस चटया घ्यायला गेली तेव्हा दुकानातल्या बाईनं विचारलं, "मोठं कुटुंब दिसतंय तुमचं. कुठं, इटलीला?"

"नाही, कापायच्या आहेत," गुड्रून म्हणाली आणि चटया काखेत मारून निघाली.

मी मेर्क्लांच्या बेकरीवर, त्यांच्या घराच्याही वरच्या मजल्यावर राहते आणि सकाळपासून दुपारपर्यंत त्यांच्या काउंटरवर उभी असते. सतरा वर्षं झाली. त्यामुळे यातलं बहुतेक मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे.

पन्नाशीत गुड्रूनचा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, हात वर उचलत राहा, नाहीतर कायमचा बसेल. शाळेच्या व्यायामशाळेत गुरुवारी काहीतरी चालतं एवढं ऐकून ती गेली, तर तिथं नऊ माणसं दोन हातांनी धरायच्या लांब तलवारी घेऊन उभी. बोथट, सरावाच्या. सहाशे वर्षांपूर्वी याच मुलखातल्या उस्तादांनी लिहून ठेवलेले डाव ती माणसं जुन्या पोथ्यांवरून शिकत होती. शिकवणारा टिल्मान दिवसा जमिनीची मोजणी करतो. त्यानं तिच्या हातात एक तलवार दिली आणि म्हणाला, "डोक्यावर धर. या पवित्र्याला छप्पर म्हणतात." खांदा कळवळला, पण हात वर गेला. पुढच्या गुरुवारी ती पुन्हा गेली. आणि मग गेलीच.

घरी येऊन ती नवऱ्याला पवित्रे सांगे. हा बैल, हा नांगर, आणि तलवार खाली सोडून समोरच्याला फसवायचं तो मूर्ख.

"मूर्ख व्हायला फी भरावी लागते?" एर्हार्ट म्हणाला. "मला फुकट जमतं."

यापलीकडे तो कधी काही बोलला नाही. एर्हार्ट मेर्क्ल तसा वाईट माणूस नव्हे. पहाटेपासून भट्टीशी, दुपारी झोप, संध्याकाळी आंबवण बघायचं. बायको तलवार फिरवते हे त्यानं ना नाकारलं ना मान्य केलं. ती गुरुवारी निघाली की तो वर्तमानपत्र थोडं वर धरी. ती जाळीचा मुखवटा घेऊन जिना उतरे तेव्हा, "किल्ली घे," एवढंच. दहा वर्षांत एकदाही व्यायामशाळेच्या दारात त्याचा पाय पडला नाही.

टिल्मानच्या मंडळात एक रीत आहे. दहा वर्षं पुरी झाली की केर्वाच्या रविवारी, म्हणजे चर्चच्या जत्रेत, नगरभवनासमोर सगळ्या गावादेखत चटई कापायची. आणि ती स्वतःच्या तलवारीनं. मंडळाची धारदार तलवार सरावाला चालते, त्या दिवशी चालत नाही. गुड्रूनची दहा वर्षं त्या ऑक्टोबरात भरत होती आणि तिला अजून तलवार निवडायची होती.

सप्टेंबरात ती साठ वर्षांची झाली. आलुबुखाऱ्याचा केक, कॉफी, मंडळातली माणसं, चर्चमधले पाद्री, शेजारपाजार. केक संपला तसा एर्हार्ट मागच्या खोलीत गेला आणि एक लांबलचक खोका घेऊन आला. कान लाल झाले होते. मी त्याला इतकं लाजताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

खोक्यात तलवार होती. पातं आरशासारखं, आडव्या दांडीच्या दोन्ही टोकांना सोनेरी सिंह, मुठीच्या शेवटी गोळ्यात लाल खडा.

"केर्वाला हिच्यानंच कापेल ती," एर्हार्ट सगळ्यांना म्हणाला. "मी पुढच्या रांगेत बसणार."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी टिल्मानकडे पाहिलं. तो टाळी वाजवायला उचललेले हात तसेच धरून होता. गुड्रूननं तलवार दोन्ही हातांत घेतली, एकदा किंचित हलवली, आणि नवऱ्याच्या गालाचा मुका घेतला.

"किती सुंदर आहे रे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेली तलवार घेऊन माझ्याकडे वर आली. दार लावून घेतलं.

"ऐक," म्हणाली आणि मूठ हलवली. आत काहीतरी खुळखुळलं. "ही भिंतीवरची तलवार आहे. हिचं पातं मुठीच्या आत जेमतेम बोटभर जातं, पुढं नुसती सळई डाग देऊन जोडलेली. जोरात फिरवली तर मूठ माझ्या हातात राहील आणि पातं जाऊन पाद्रीबुवांच्या मांडीत बसेल."

"मग सांग ना त्याला."

"काय सांगू? दहा वर्षं तो वर्तमानपत्रामागून बोलला. हे त्याचं पहिलं 'हो' आहे. 'हो' कुणी दुकानात परत करतं का?"

"आणि पाद्रीबुवा?"

"मी कापणारच नाही," ती म्हणाली. "खांदा दुखतोय म्हणून सांगेन."

दहा वर्षं ती ज्या खांद्याशी भांडली, त्याच्याच नावावर खोटं बोलायला निघाली होती. मला रागच आला.

खाली एर्हार्टला मात्र नवं वारं लागलं होतं. रोज कापडानं पातं पुसायचा. बेकरीच्या काचेवर स्वतःच्या हातानं पाटी लावली: रविवारी दोन वाजता, नगरभवनासमोर, गुड्रून मेर्क्ल. राईचा पाव घ्यायला आलेल्या प्रत्येकाला विचारायचा, "येताय ना?" गुरुवारी त्यानं पहिल्यांदाच वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि बायकोला विचारलं, "तो नांगर कसा असतो, दाखव बरं." तिनं लाटणं घेऊन दाखवला. मी काउंटर पुसत होते. तिचे डोळे भरून आले होते, त्याला वाटलं आनंदानं.

टिल्मान दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा तो पाव न घेताच बोलला, "गुड्रून, तू सांग, नाहीतर मी सांगतो. ती वस्तू मी तुला गर्दीत उचलू देणार नाही."

"तू तुझी शेतं मोज," गुड्रून म्हणाली. "माझं घर मी मोजते."

केर्वाला अकरा दिवस उरले होते. बुधवार होता, सकाळचे सात वाजले असतील. एर्हार्ट भट्टीतून राईचे पाव काढत होता. तो प्रत्येक पाव उलटा करतो आणि बुडावर बोटाच्या पेरांनी ठोकतो. पोकळ, मोकळा आवाज आला तर पाव शिजला. बद्द आवाज आला तर परत आत. पस्तीस वर्षांत एकही पाव त्यानं ठोकल्याशिवाय फळीवर ठेवलेला नाही. त्या दिवशी एक पाव फार देखणा निघाला होता. कवच तांबूस, मध्ये सुरेख तडकलेलं. मी तो काचेत ठेवायला हात पुढं केला.

"थांब." त्यानं ठोकला. पुन्हा ठोकला. "वरून सोनं, आत चिखल. रूप बघून पाव विकला तर गिऱ्हाईक घरी जाऊन कापतं तेव्हा आपली अब्रू जाते."

गुड्रून दारात उभी होती. हातातली टोपली तिनं खाली ठेवली, जिना चढून वर गेली आणि तलवार घेऊन खाली आली. पिठाच्या टेबलावर तिनं एका हातानं पातं हलकेच टेकवलं आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं मुठीच्या गोळ्यावर थाप मारली.

"ऐक," ती म्हणाली.

एर्हार्टनं ऐकलं. मग हात पुसले आणि स्वतः थाप मारली. पाव ठोकताना मान कलती करतो तशी मान कलती केली. आत खुळखुळ झाली. त्यानं लाल खड्याचा गोळा धरून पिळला, तो बाटलीच्या झाकणासारखा फिरत निघाला. मूठ सरकवून बाजूला काढली. आतली सळई माझ्या करंगळीएवढी होती, आणि डाग दिला होता तिथं आधीच एक बारीक काळी रेघ.

"तुला कधी कळलं?"

"खोका उघडल्या उघडल्या."

"आणि तीन आठवडे गप्प?"

"तू दहा वर्षं होतास."

मला वाटलं, आता भांडतील तर बरं. भांडले नाहीत. एर्हार्टनं ते तीन तुकडे टेबलक्लॉथमध्ये गुंडाळले आणि भट्टीकडे वळला. त्या दिवशी आणि पुढचे चार दिवस त्यानं कामापुरतंही तोंड उघडलं नाही. शुक्रवारी अख्खा एक घाणा करपला. काचेवरची पाटी मात्र त्यानं काढली नाही. मी रोज सकाळी बघत होते.

सोमवारी बेकरी बंद असते. एर्हार्ट नऊ वाजता कोट घालून पावाच्या गाडीत जाऊन बसला आणि त्यानं हॉर्न वाजवला. गुड्रूननं खिडकी उघडली.

"टिल्मानला फोन केला होता," तो खालून ओरडला. "सीमेपलीकडे ब्लाहा म्हणून लोहार आहे म्हणे. चल. आणि हिलाही घे, मला त्याची भाषा येत नाही."

मलाही येत नव्हती, पण मी गेले.

ब्लाहाला आमची भाषा येत होती. शेडमध्ये भिंतीला दहाबारा तलवारी टांगलेल्या. त्यानं तेलकट हात मिळवण्याऐवजी कोपर पुढं केलं आणि विचारलं, "भिंतीसाठी हवी की हातासाठी?"

"दोन्ही," गुड्रून म्हणाली. "सहा दिवस भिंतीवर, एक दिवस हातात."

"मग हाताची घ्या. हाताची भिंतीवर शोभते. भिंतीची हातात शोभत नाही." आणि त्यानं तीन तलवारी काढून टेबलावर ठेवल्या.

गुड्रून पहिलीला हात लावणार तोच एर्हार्ट पुढं झाला. पातं टेबलावर टेकवून त्यानं गोळ्यावर थाप मारली. स्वच्छ आवाज आला, शेवटपर्यंत एकसारखा. दुसरी, तोच आवाज. तिसरी, तोच. तिन्ही झाल्यावर त्यानं ब्लाहाकडे पाहिलं.

"तुम्ही लोहार?" ब्लाहानं विचारलं.

"बेकर."

"तेच म्हटलं. लोहार इतकं नीट ऐकत नाहीत." त्यानं गोळ्याचं टोक दाखवलं. पात्याचं शेपूट अख्ख्या मुठीतून आरपार जाऊन वर ठोकून बसवलेलं होतं, खिळ्याच्या डोक्यासारखं. "पिळायला काही नाही. पण कान एवढंच सांगतो की जोडणी पक्की आहे. पुढचं बाईंच्या मनगटाला विचारा."

पहिली सर्वांत देखणी होती, पात्यात मधोमध लांब खोल पन्हळ. गुड्रूनची नजर तिच्यावरून हलत नव्हती. तिनं ती उचलली, बैलाचा पवित्रा घेतला. मूठ कानापाशी, टोक समोरच्याच्या तोंडावर. टोक थरथरलं.

"सवय होईल," ती म्हणाली.

"साठीत?" एर्हार्ट म्हणाला. "मला नव्या चपलांची होत नाही."

दुसरी टोकाकडे फार निमुळती. ब्लाहा म्हणाला, ही भोसकायला चांगली, चटईत अडकेल. तिसरी अगदी साधी. सरळ दांडी, गोल चपटा गोळा, मुठीवर तपकिरी कातडं, पातं रुंद आणि पातळ. ब्लाहानं ती वाकवून कमान केली आणि सोडली. ती दोरी ओढल्यासारखी सरळ झाली. गुड्रूननं दांडीपुढं चार बोटांवर ती तोलून धरली, मग बैल केला. टोक हललं नाही. छप्पर केलं. खांदा वर गेला आणि तिचा श्वास सुटला.

"हीच," एर्हार्ट म्हणाला.

"अरे, पण ती पहिली दिसायला..."

"तुझा चेहरा मी बघतोय, तलवार नाही. हीच."

निघताना ब्लाहानं बजावलं: हे पोलाद गंजतं, हात लावला की तेलाचं बोट फिरवायचं, आणि कातड्याच्या म्यानात घालून भिंतीवर टांगायची नाही, कातडं ओल धरतं. एर्हार्टनं ते पिठाच्या वहीत लिहून घेतलं. येताना गाडीत राईच्या वासात तलवार आमच्या मांड्यांवर आडवी होती. सीमा ओलांडल्यावर एर्हार्ट आरशात बघत म्हणाला, "मला राग त्या सळईचा नव्हता. तू खांद्याचं निमित्त सांगणार होतीस, त्याचा होता."

"तुला कुणी सांगितलं?"

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

केर्वाच्या आदल्या दिवशी चटया एर्हार्टनं स्वतः भिजवल्या. घड्याळ लावून, कणकेला लावतो तसं. रविवारी दोन वाजता तो पुढच्या रांगेत बसला, शेजारी पाद्रीबुवा. गुड्रूननं खुंटीवर उभ्या केलेल्या चटईसमोर छप्पर केलं आणि तिरका वार मारला. पातं दोन तृतीयांश गेलं आणि अडकलं. गर्दीतून एक "ओहो" निघाला. तिनं एर्हार्टकडे पाहिलं. त्यानं हवेत बोटाच्या पेरांनी दोनदा ठोकल्यासारखं केलं.

तिनं पातं सोडवलं, पुसलं, पाय नीट रोवले. दुसऱ्या वाराला आवाजच झाला नाही. वरचा तुकडा क्षणभर जागच्या जागी राहिला, मग तिरका घसरून दगडांवर पडला.

टाळ्या चालू असताना एर्हार्ट उठला, मैदानात गेला आणि तो तुकडा उचलला. कापलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. पाव कापून आतला गर बघतो, तसा बराच वेळ बघत राहिला.

"शिजलाय," तो म्हणाला.

सिंहांची तलवार आता बेकरीत पावांच्या फळीच्या वर टांगलेली आहे. सळई त्यानं मुठीत पुन्हा बसवली, गोळा पिळून घट्ट केला. नवं गिऱ्हाईक विचारतं, केर्वाला मेर्क्लबाईंनी कापलं ते हिच्यानंच का? एर्हार्ट पाव उलटा करून ठोकत सांगतो, "नाही. ही माझी. भिंतीवरची. कापते ती वर आहे, तिला माझ्या बायकोखेरीज कुणी हात लावत नाही."

तेलाचं बोट मात्र दर शनिवारी तोच फिरवतो. आंघोळीला त्या दिवशी तशीही जागा नसते.