दादा करील तसं

घरात दोन भाऊ अन् मधी एक बहीण असली की किस्से जमवावे लागत न्हाईत. बहिणीला सगळं दिसतं अन् तिला कुणी विचारत न्हाई, म्हणून तिच्यापाशी ते साठत जातात. माझ्यापाशी लई हायत. ऐकणारे पोट धरून हसतात. मला मेलीला आता हसू येत न्हाई.

लातूर जिल्हा नवा झाला अन् आमच्या अण्णांची उदगीरहून लातूरच्या कचेरीत बदली झाली. होते शिपाईच, पण नव्या जिल्ह्याचे शिपाई! एसटीत चढताना त्यांनी धाकट्याच्या, नाम्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"मी न्हाई तवर दादा करील तसं करायचं. समजलं?"

"हाव!"

अण्णांना म्हणायचं होतं 'सांगील तसं'. गडबडीत 'करील तसं' निघालं. दादा तेव्हा दहावी नापास होऊन गल्ली मोजत होता, अन् नाम्या सातवीत.

*

दादा किल्ल्याच्या मागं बसून बिडी ओढायचा. एक दिवस मायला थोटूक सापडलं, ते नाम्याच्या चड्डीच्या खिशात! मायनं लाटणं उचललं.

"मारू नको! अण्णांनीच सांगितलंय!"

"बिडी ओढ म्हणून?"

"दादा करील तसं कर म्हणून!"

शेजारणी पदर तोंडाला लावून हसल्या. दादाला तर एवढी मजा वाटली की त्यानं गल्लीभर सांगितलं.

*

मामाच्या लग्नाला देगलूरकडं गेलो होतो. तिकडं शिंदी चालते. नाम्या भर मांडवात वरमाई झालेल्या आजीच्या नव्या लुगड्यावर ओकला. मामानं दादाची कॉलर धरली.

"किती पाजलीस रे लेकराला?"

"मी कशाला पाजू? मी फक्त पिलो!"

हा किस्सा अजून नातेवाईक सांगतात.

*

मग पाऊस गेला. हिरी आटल्या, गल्लीत टँकर सुरू झाला. नियम एकच, ज्याचा पाइप आधी आत त्याचं पाणी. दादा चालत्या टँकरच्या बाजूच्या शिडीला लोंबकळायचा अन् थांबायच्या आत वर चढून पाइप सोडायचा. काल त्याला टवाळ म्हणणाऱ्या बाया आज मायला म्हणायच्या, "वाघ हाय बाई तुझा पोरगा!" मायपण हसायची. पाणी कुणाला नको होतं?

त्याच्या मागं नाम्या पळायचा, शिडी धरायला बघायचा. मी दादाला म्हणाले, "तुला चढायचं तर चढ, पण मागं बघ की जरा!"

"मी बोलवलंय का त्याला?"

दोन दिवसांनी नाम्याचा हात शिडीवरून निसटला. मागचं चाक पायावरून गेलं. टँकर तसाच उभा राहिला अन् त्या दिवशी गल्लीत कुणी पाणी भरलं न्हाई.

*

लातूरच्या दवाखान्यात नाम्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला. दादा कॉटच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसला तो बसलाच. बोलेना, जेवेना. त्याच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती, कारण नाम्यापण जेवेना. माय घास पुढं करायची अन् तो तोंड फिरवायचा. माझा जीव नुसता तुटायचा.

डॉक्टर अण्णांना बाजूला घेऊन म्हणाले, "पोटात काही गेलं नाही तर जखम भरणार नाही. पोरगं हातचं जाईल."

अण्णा कॉटवर बसले. कचेरीची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"खा की रे बाळा. कुणावर रुसलास?"

"रुसलो न्हाई."

"मग?"

"दादा कुठं खायलाय?"

अण्णा कॉटवरून उठले. मग मायच्या हातातली भाकर घेतली, वाकले, अन् दादाच्या हातात दिली.

दादानं तुकडा मोडला. रडत होता, तोंडात घास फिरत होता. तरी दुसरा मोडला. तिसरा मोडला.

कॉटवरून नाम्या बघत होता.

"सगळी खाऊ नको की," म्हणाला. "मला ठेव."