टिनाच्या दारावरचे तीन ठोके

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही हो. माझ्या स्टुडिओतल्या मेमरी कार्डांसारखं असतं ते. रिकामं करू, रिकामं करू म्हणता वर्षं निघून जातात. लग्नाची शूटिंग आणि मिक्सिंग हा माझा धंदा, कळमनुरीत. संध्याकाळी चहाला आम्ही तिघं जमायचो: मी अशोक, कीबोर्डवाला रज्जाकभाई आणि ड्रमर दत्ता. तिघांची मिळून एक छोटी ऑर्केस्ट्रा पार्टी. हसायला निमित्त बहुतेक दत्ताचंच. हल्ली तो चहाला येत नाही, म्हणून त्याचे किस्से मीच सांगतो.

*

दत्ताचं गाव इथून फटफटीवर वीस मिनिटं. तो घरी प्रॅक्टिस करायचा आणि रेकॉर्ड करून मला पाठवायचा. पद्धत सोपी. एका मोबाईलवर गाणं लावायचं, ते हेडफोननं कानात ऐकायचं, आणि दुसऱ्या मोबाईलवर नुसता ड्रम रेकॉर्ड करायचा. मग मी कॉम्प्युटरवर ते गाणं आणि त्याचा ड्रम एकावर एक बसवायचो. कुठं चुकलं ते लगेच कळायचं.

मी त्याला बजावलं होतं, "गाण्याच्या पहिल्या ठेक्यावर एक टाळी वाजव. तिच्यावरून मला जुळवता येतं." पठ्ठ्यानं टाळी वाजवली, पण गाणं लावायच्या आधीच! मी टाळीवर भरवसा ठेवून सगळं बसवलं. रज्जाकभाईनं ऐकलं आणि हातच जोडले.

"भाई, बारात निकल गई, दूल्हा अभी नहा रहा है!"

*

दत्ता वाजवायचा हळदीच्या खोलीत. पोत्यांची थप्पी पार आढ्यापर्यंत, त्यामुळं आवाज घुमायचा नाही. रेकॉर्डिंग इतकं साफ की मी म्हटलं, असली खोली नांदेडातसुद्धा मिळायची नाही. आणि पुढच्याच फाईलमध्ये ड्रम विहिरीत वाजल्यासारखा! मी फोन लावला.

"काय केलं रे?"

"काय केलं म्हंजे? हळद इकली. हिंगोलीला गेली समदी."

दोन दिवसांनी आवाज परत साफ. कौसावहिनींनी, म्हणजे दत्ताच्या बायकोनं, घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या खोलीच्या भिंतींवर टांगल्या होत्या. दिवस थंडीचे! मी विचारलं, "वहिनी, मग पांघरता काय?"

"भाऊजी, ड्रमला लई थंडी वाजून राहिली. आमचं काय, आमी शेकोटी करू."

*

वहिनींचा खरा राग त्या हेडफोनवर. दत्ता एकदा गाण्यात शिरला की हाक ऐकू येत नसे. दुपारचं ताट वाढलेलं, भाकर गार. आणि ह्या बाईचा नेम असा की नवरा जेवल्याबिगर घास घ्यायचा नाही. मग त्या खोलीचं टिनाचं दार बडवायच्या. धाड धाड धाड! ते सगळं माझ्या फाईलीत. मी कापत बसायचो. एक दिवस वैतागलो आणि फोनवर म्हणालो, "वहिनी, ठोकायचंच तर तालात ठोका की! निदान मला कापावं तरी लागणार न्हाई."

मी आपली चेष्टा केली. पुढच्या फाईलीत बघतो तर काय, ओळ संपली की तीन ठोके. ठक, ठक, ठक. बराबर बीटवर! मला वाटलं दत्तानंच काहीतरी नवीन काढलं. गाणं तर त्याच्या कानात, बाहेर फक्त ड्रम. तेवढ्यावरून वहिनींनी जागा ओळखली होती!

"जमलं कसं हो?" मी विचारलं.

"सुपानं पाखडताना ताल लागत न्हाई व्हय? त्यात काय शिकायचं!"

रज्जाकभाई म्हणाला, "दत्ता को निकालो, भाभी को लो!"

आम्ही पोट धरून हसलो. पण खरी गंमत पुढंच. ठोके तालात आल्यापासून दत्ताला ते गाण्यातलेच वाटायला लागले. तो उठेचना! आधी निदान धाडधाडीनं दचकून उठायचा, आता मान डोलावून पुढं वाजवायचा. वहिनी दाराबाहेर उपाशी उभ्या, आणि इकडं आम्ही ती फाईल चहावर चारचौघांना ऐकवून राहिलो. वर "वन्स मोअर"!

*

पुढं ते ठोके ढिले पडायला लागले. पहिला जागेवर, दुसरा मागं, तिसरा कधी येई, कधी येतच नसे. मी दत्ताला व्हॉट्सॲप टाकला, "वहिनींना सांग, ताल सुटून राहिला." शेवटी हसणारं तोंड.

त्याचं उत्तर आलं नाही. आठ दिवसांनी कळलं, वहिनींना नांदेडला नेलंय, पोटात गाठ निघालीय. कितीतरी दिवसांपासून त्या अंगावर काढत होत्या, कुणाला बोलल्या नाहीत. सहा महिन्यांत गेल्या.

तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. मला माझी लाज वाटते, सरळ सांगतो.

दहाव्याला दत्ता माझ्याशी एवढंच बोलला. "ती दारात उभी ऱ्हायची, अन् मी आत वाजवत ऱ्हायचो. एक डाव उठून दार उघडलं असतं, तर काय बिघडलं असतं रे?"

तालात ठोका म्हणून सांगणारा मीच होतो.

*

बरेच महिने काहीच आलं नाही. मग एक दिवस अचानक फाईल आली. मला केवढा आनंद! वाजवलं छान होतं, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी तीन बीट रिकामे. वाटलं, सवय मोडली, हात अडखळतोय बिचाऱ्याचा. मी त्याच्याच ड्रमचे दुसरीकडचे तीन ठोके उचलले, त्या जागी चिकटवले, गाणं बसवलं आणि पाठवून दिलं. वर लिहिलं, "एक नंबर!"

तासाभरात दत्ता स्टुडिओच्या दारात हजर. बसलासुद्धा नाही.

"हे कोनी वाजवलं?"

"तूच की. दुसरीकडचे घेतले. तुझे सुटले होते ना."

"सुटले न्हाईत. ती जागा माझी न्हाई, अशोक. तू भरलीस काहून?"

रज्जाकभाईनं चहा पुढं केला. दत्ता तो न घेताच निघून गेला.

*

त्यानंतर मी जुन्या फाईली उपसायला बसलो. तीन दिवस दुकानात दुसरं काम केलं नाही. ठोके पुष्कळ सापडले, पण सगळे ड्रममध्ये मिसळलेले. शेवटी एक फाईल मिळाली. तिच्यात ड्रम संपतो, दत्ता मोबाईल बंद करायला विसरतो, आणि तेवढ्यात बाहेरून तीन ठोके येतात. एकदम साफ, नुसते वहिनींचे.

ते मी त्याच्या प्रॅक्टिसच्या गाण्यात घातले, ओळीच्या शेवटी, बराबर त्यांच्या जागेवर. गाणं दत्ताला पाठवलं. आत काय आहे ते सांगितलं नाही. रज्जाकभाई म्हणत होता, "मत भेज, रुला देगा उसको." मी ऐकलं नाही. बरं केलं का वाईट, मला अजून कळत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी त्याची फाईल आली. रज्जाकभाई समोरच होता. स्पीकरवर लावली. टाळी बराबर पहिल्या ठेक्यावर. ड्रम सुरू झाला. हात पूर्वीसारखा. पहिली ओळ संपली, आता त्याच्या कानात ते तीन ठोके पडले असणार.

ड्रम थांबला. काड्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. हेडफोन काढल्याची खरखर. मग पावलं. टिनाच्या दाराची कडी निघाली, दार करकरलं, बाहेर कुठंतरी शेळी ओरडली. मला वाटलं, संपली फाईल, म्हणून मी बंद करायला हात पुढं केला.

तेवढ्यात दाराकडून दत्ताचा आवाज आला, अगदी हळू.

"कौसा, जेवलीस का?"