आठ हजार सहाशे तेहतीस फरश्या

फरशीवाल्या मावशींची शाळा चौथीतच सुटली, पाढे मात्र सुटले नाहीत. तीसपर्यंतचे वर्गात झाले, पुढचे गुडघ्यांवर बसून फरश्या लावता लावता. आता पन्नाशी उलटल्यावर गुडघे कुरकुरत, पण आकड्यापाशी मावशी कधी अडल्या नाहीत.

वाचनालयाची जुनी इमारत पाडली, तेव्हा तिथल्या चार-चार इंची नक्षीदार फरश्या अलगद काढून ठेवल्या होत्या. ग्रंथपालबाईंनी त्या तीनदा मोजल्या. आठ हजार सहाशे तेहतीस.

"अशी फरशी आता मिळत नाही," बाई म्हणाल्या. "नव्या दालनात मधोमध एकच सरळ, पूर्ण भरलेली चौकट हवी. एकही फरशी कापायची नाही, एकही उरवायची नाही. कडेला साधा दगड चालेल."

इंजिनियर मोबाइलवर भागाकार करून वैतागला होता. "दोनने जात नाही, तीनने नाही, सातने नाही. एकोणतीसपर्यंत येऊन थकलो मी. ही मूळ संख्या आहे मावशी, कशानेच भागली जाणार नाही. थोड्या फरश्या बाजूला काढा."

"तुम्ही थकलात म्हणून आकडा संपला नाही, साहेब," मावशी म्हणाल्या आणि खडू घेऊन जमिनीवर बसल्या.

त्यांना भागाकार कधी आवडलाच नाही. त्या आधी चौरस बघत. नव्वद नव्वदे एक्याऐंशीशे, कमी पडतात. त्र्याण्णव त्र्याण्णवचा चौरस घेतला तर आठ हजार सहाशे एकोणपन्नास. म्हणजे सोळा फरश्या कमी. सोळा म्हणजे चार चोक. मावशींचा चेहरा उजळला.

त्यांनी खडूने मोठा चौरस काढला आणि वरच्या कोपऱ्यातून चार बाय चारचा तुकडा पुसला. "हा बघा आपला माल. कोपरा खाल्लेला चौरस. आता वरची पट्टी उरली चार उंच, एकोणनव्वद लांब. ती उचलायची, उभी करायची आणि बाजूला चिकटवायची. खालचा भाग एकोणनव्वद उंच आहेच. रुंदी त्र्याण्णव आणि चार."

"सत्त्याण्णव," इंजिनियर पुटपुटला. त्याने मोबाइलवर गुणाकार केला, पुन्हा केला आणि मग तोही शेजारी मांडी घालून बसला. "अजून कशी मांडता येईल?"

"एकोणनव्वद फुटत नाही, सत्त्याण्णवही फुटत नाही. त्यामुळे चौकट हीच एक. नाहीतर एकाच ओळीत लावा, पाऊण किलोमीटरच्या पुढे जाईल. वाचणाऱ्यांना चालायला बरी."

ग्रंथपालबाई पोट धरून हसल्या.

काम तीन आठवडे चाललं. मावशींनी दोरी स्वतः ताणली, पहिली ओळ स्वतः लावली आणि गवंड्यांना नीट बजावलं, "फरशी आपटाल तर माझ्याशी गाठ आहे." शेवटची फरशी बसली तेव्हा टोपली रिकामी होती. बाईंनी ती उलटी करून पाहिली, खात्रीसाठी.

इंजिनियर अजूनही नवं काम आलं की आकडा घेऊन मावशींकडे येतो. कधी त्या खडू मागतात. कधी नुसतं ऐकून म्हणतात, "हा खरंच नाही फुटत. तुमची मूळ संख्या ती ही."